वसईची ‘मात्रिझ’ आणि घाटावरच्या घंटा

इंग्लंडमधील खेड्यापाड्यांतील सात-आठशे वर्षांची जुनी चर्चे आपण नाताळच्या भेटकार्डांवर पाहतो. पश्चिमेला मनोरा, पूर्वेला वेदी, दाराजवळ स्नानसंस्काराचे दगडी कुंड आणि भोवती पूर्वजांची थडगी. गावाची सारी वंशावळ तेथे दगडात लिहिलेली असते. अशा वास्तूचे आम्हांस कौतुक आहेच. परंतु बारामती-इंदापूरच्या आपल्या कुटुंबांनी त्याकरिता सातासमुद्रापलीकडे पाहण्याचे कारण नाही. वसईच्या किल्ल्यात संत योसेफाचे मंदिर आजही उभे आहे, छप्पर नसले तरी.

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे 1546 मध्ये राजा तिसरा जॉन याने गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यास तेथे संत योसेफाच्या नावे चर्च बांधण्याची आज्ञा दिली. या चर्चला पोर्तुगीज लोक ‘मात्रिझ’ म्हणत. मात्रिझ म्हणजे मातृमंदिर, धर्मग्रामाचे मुख्य चर्च. लोक त्याला कथेड्रल म्हणतात खरे, पण पोर्तुगीज अमदानीत वसईला बिशपांचे आसन कधीच नव्हते. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो 1998 साली, आणि त्याचे कथेड्रल आहे पापडीचे कृपामातेचे चर्च!

मंदिराचा दर्शनी मनोरा दुरूनच नजरेत भरतो. त्याच्या पोटातून अरुंद चक्री जिना वर जातो. खाली कमान, आत उघड्या आकाशाखालचे लांबट सभागृह आणि टोकाला वेदीची जागा. वसईचा काळा दगड त्या काळी इतका नावाजलेला होता की गोव्याच्या बॉम जेझू मंदिराच्या दर्शनी भागासाठी तो तिकडे नेला गेला. प्रवेशद्वारावरील शिलालेख सांगतो की 1601 मध्ये, आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, पेद्रु गाल्व्हांव परेरा हे प्रमुख धर्मगुरू असताना या मात्रिझची पुनर्बांधणी झाली. हेच फादर गाल्व्हांव पुढे 1618 मध्ये 19 मार्च रोजी, म्हणजे संत योसेफाच्या सणादिवशीच, देवाघरी गेले आणि आपल्याच मंदिरात विसावले. त्यांच्या थडग्यावरील दगड आपल्यामागून येणाऱ्यांकडे एक ‘आमच्या स्वर्गीय पित्या’ आणि एक ‘नमो मरिया’ एवढेच मागतो. बांधणाऱ्याने इतके थोडे मागावे, हे आम्हांस फार भावते.

मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तीन महिन्यांच्या घनघोर वेढ्यानंतर वसई घेतली. तहाप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी बाहेर पडली, शहर ओसरले आणि मंदिरांचे छत काळाने खाल्ले. आसपासच्या गावांतील श्रद्धाळू मात्र तेथेच राहिले. पापडी, सांडोर, नंदाखाल ही धर्मग्रामे आज नांदत आहेत. मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून चर्चच्या घंटा घाटावर आणल्या. मेणवलीच्या घंटेवर 1707 हे साल आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर 1721, आणि आपल्याच पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरच्या घंटेवर 1729. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया स्पष्ट दिसते.

या घंटा परत मागाव्यात, असे काही मंडळी अधूनमधून म्हणतात. आमचे मन त्या सुरात सूर मिसळू शकत नाही. ज्या घंटा युद्धात गेल्या त्या बहुधा वितळवल्या जातात, त्यांच्या तोफा होतात. या टांगल्या गेल्या, वाजवल्या गेल्या, आणि त्यांच्यावरचा क्रूस कोणी छिन्नीने तासला नाही. हरल्याचे दुःख खोटे नाही. परंतु जपणुकीचे श्रेयही ज्याचे त्याला द्यावयास हवे.

आणि या इतिहासाशी बारामतीचे नाते थेट सोयरिकीचे आहे. बाजीराव आणि चिमाजी आप्पा यांची बहीण भिऊबाई बारामतीच्या जोशी घराण्यात, आबाजी नाईकांना दिलेली होती. म्हणजे वसई जिंकणारा वीर या गावाचा पाहुणा! बाबूजी नाईकांच्या वाड्यावरून आपण कितीदा जातो, पण हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

त्याच पेशवे घराण्यातील सवाई माधवराव, म्हणजे बाजीरावांचे पणतू, यांच्या फौजेत पुढे अनेक कॅथलिक शिपाई व अधिकारी चाकरीस होते. त्यांना उपासनेसाठी जागा नव्हती. दों मिगेल द नोरोन्या या अधिकाऱ्याने विनंती केली आणि पेशव्यांनी पुण्यात जमीन दिली. वसई पडल्यास तेव्हा 53 वर्षे झाली होती. क्वार्टर गेटजवळचे हे अमलोद्भव मातेचे मंदिर, आपले ‘सिटी चर्च’. तेथे पहिली मिस्सा झाली ती 25 डिसेंबर 1792 रोजी, नाताळच्या दिवशी.