भिवंडीचा यंत्रमाग आणि जगाचा बाजार

कल्याणला लागून असलेली भिवंडी देशातल्या मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. इथल्या कितीतरी मोमीन-अन्सारी घरांत विणकाम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. 1 जानेवारी 2005 रोजी जागतिक कापड व्यापारातील कोटा पद्धत संपली आणि चीन, बांगलादेशशी थेट स्पर्धा सुरू झाली.

शटलचे जुने माग बदलायला केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन योजना 1999 ते 2022 चालली. पण नवी मशीन आली म्हणजे मालक तयार झाला असे नाही. खरी अडचण मजुरी पद्धतीची आहे. व्यापारी सूत देतो, कारखानदार विणून ग्रे कापड परत देतो, ठरलेली मजुरी घेतो. पुढे ते कापड कोण घेतो, त्याला काय हवे असते, हे त्याला कळतच नाही!

निर्यातीसाठी आयईसी नोंदणी लागते. ती पॅनवर, ऑनलाइन, 500 रुपयांत होते. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट न केल्यास बंद पडते. हे सोपे काम. अवघड पुढेच: नमुन्यासारखाच सगळा माल, रंगाचा पक्केपणा, कापडाचे वजन, ठरलेली तारीख, आणि ईमेलला वेळेवर उत्तर.

वालिदांना मागाचा आवाज ऐकून बिघाड कळतो, मुलगी बीकॉम करते; पण कारखान्याचा हिसाब तिच्यासमोर क्वचितच उघडला जातो. मुलाला वस्त्रोद्योग शिकायचा असेल तर वरळीची सस्मिरा आहे. मात्र सुट्टीत दोघांनाही आधी कॉस्टिंग शिकवा: सूत, वीज, मजुरी, घट धरून एक मीटर कितीला पडतो ते.