घरातल्या वस्तूंतून भाषेची पायाभरणी : लहान मुलांसाठी सोपे उपक्रम

मूल शाळेत गेल्यावर भाषा शिकते, हा समज अर्धाच खरा आहे. वाचन-लेखन शाळेत होते. पण ऐकणे, समजणे आणि बोलणे यांची घडण त्याच्या कितीतरी आधी घरात सुरू झालेली असते. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद आहे. या पायातील उणीव पुढे वाचनात दिसते. ‘असर २०२४’ या ग्रामीण भागातील सर्वेक्षणात तिसरीच्या सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी, चित्रपत्रे आणि गोष्टींची पुस्तके असलेला ‘जादुई पिटारा’ २० फेब्रुवारी २०२३ रोजी सादर झाला. मात्र असा एक पिटारा प्रत्येक घरात आधीपासूनच असतो. तो उघडण्यासाठी खर्च लागत नाही आणि पालकांना लिहिता-वाचता येण्याचीही अट नसते.

जुनी परंपरा

हा विचार भारतीय बालशिक्षणाला नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. महागड्या परदेशी साधनांऐवजी परिसरातील पाने, बिया, खडे आणि शंख-शिंपले हेच त्यांनी शिक्षणाचे साहित्य मानले.

स्वयंपाकघरातील शब्दसंपदा

मराठीतील क्रियापदांचे वैविध्य स्वयंपाकघरात सहज ऐकू येते. भाजी चिरतात, मटार सोलतात, मेथी निवडतात, पीठ चाळतात, नारळ खवतात, कणीक मळतात, पोळी लाटतात. काम करताना या क्रिया मोठ्याने उच्चाराव्यात. ‘ते तिकडचे दे’ असे म्हणण्याऐवजी ‘कट्ट्यावरची लहान वाटी दे’ असे म्हटल्यास जागा, आकार आणि वस्तू या तिन्हींचे शब्द एकाच वाक्यात मुलाच्या कानांवर पडतात.

तो डबा, ती वाटी, ते ताट. डबे, वाट्या, ताटे. भांडी लावताना मराठीतील तिन्ही लिंगे आणि अनेकवचने नियम न सांगता मुलाच्या बोलण्यात येतात. डब्यावर, डब्यामागे असे चमचा लपवण्याचे खेळ शब्दयोगी अव्यये शिकवतात. कापडी पिशवीत एखादी वस्तू ठेवून ती न पाहता चाचपायला सांगितल्यास खरखरीत, गुळगुळीत, मऊ, टणक ही विशेषणे अनुभवातून कळतात.

टाकाऊ वस्तूंतून गोष्ट

जुन्या मोज्यावर डोळे काढून आणि लोकरीचे केस लावून हातबाहुली तयार होते. मोठ्यांसमोर बुजणारे मूल बाहुलीच्या तोंडून मोकळेपणाने बोलते. जुन्या लग्नपत्रिका आणि दिनदर्शिकांवरील चित्रे कापून पत्ते करावेत. त्यातील कोणतेही तीन उचलून मुलाला गोष्ट रचू द्यावी.

वर्तमानपत्राची टोपी किंवा होडी करताना ‘आधी’, ‘मग’, ‘शेवटी’, ‘उभी घडी’, ‘आडवी घडी’ असे शब्द वापरावेत. होडी झाल्यावर ती कशी केली, हे मुलाने आजी-आजोबांना क्रमाने सांगावे. वस्तू सुबक झाली की नाही, याला महत्त्व नाही. कृतीचे वर्णन करता येणे हा खरा लाभ आहे.

अक्षराआधी ध्वनी

अक्षर गिरवण्यापूर्वी ध्वनी ओळखता यायला हवा. ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधा, असे सांगितल्यास कढई, किसणी, कप पुढे येतात. त्यानंतर ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढणे किंवा कणकेच्या वळ्यांनी ते घडवणे सोपे जाते. चारचौघांत चूक दाखवण्याऐवजी योग्य रूप सहज उच्चारावे. मूल ‘मनी दूध’ म्हणाले, तर ‘हो, मनी दूध पिते आहे’ असे पूर्ण वाक्य परत द्यावे. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थोडे थांबावे. घाईने आपणच उत्तर दिल्यास मुलाची संधी जाते.

परप्रांतातील मराठी घरे

इंदूर, वडोदरा, हैदराबाद किंवा बंगळूरू येथील मराठी कुटुंबांतील मुले घराबाहेर वेगळी भाषा ऐकतात. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते, हा गैरसमज आहे. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणे हीदेखील या वयातील स्वाभाविक गोष्ट आहे. झारा, उलथणे, परात, पोळपाट हे शब्द तेथील शाळेत शिकवले जात नाहीत. घरात ते बोलले गेले नाहीत, तर पुढच्या पिढीकडे पोहोचणार नाहीत. शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी, असे राष्ट्रीय धोरण सांगते. ज्यांना ते शक्य नाही, त्यांच्यासाठी घर हीच मराठीची शाळा ठरते.

काळजी आणि सल्ला

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती डाळी, चिंचोके, बटणे, नाणी देऊ नयेत. त्या वस्तू नाकात किंवा घशात अडकू शकतात. बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या तर घरात पूर्णपणे मुलांच्या आवाक्याबाहेर असाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षे वयात हा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा.

मूल नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा आधी येत असलेले शब्द विसरत असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेऊन प्रथम श्रवणचाचणी करावी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांचा तीत समावेश आहे. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत मोफत सोय आहे.

या उपक्रमांसाठी वेगळा तास काढण्याची गरज नाही. मेथी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना मुलाला शेजारी बसवून त्याच्याशी बोलत राहिले, तरी सुरुवात झाली असे समजावे.