एच-२ची कुळकथा

डास चावला की आधी लाल ठिपका दिसतो, मग भोवती लाली पसरते आणि मधोमध गांधी उठते. कातडीतल्या पेशींनी हिस्टामिन सोडल्याची ही खूण. त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपतं. हेच हिस्टामिन जठरात आम्लही पाझरायला लावतं.

१९३७मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बोव्हे आणि स्टाउब यांना हिस्टामिनला रोखणारं पहिलं संयुग सापडलं. पुढच्या दशकात त्या जातीची औषधं बाजारात आली. खाज थांबली, शिंका थांबल्या. जठरातलं आम्ल मात्र तसूभरही हललं नाही. १९६६मध्ये लंडनमध्ये अ‍ॅश आणि शिल्ड यांनी ही औषधं जिथे लागू पडतात त्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या ग्राहक जागेला, एच-१ म्हटलं. जठरातल्या आम्लासारखे जे परिणाम उरले, त्यांच्या रिसेप्टरला त्यांनी नाव दिलं नाही.

त्या उरलेल्या रिसेप्टरच्या मागे औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक १९६४पासूनच लागले होते. अ‍ॅड्रिनलिनचे अल्फा आणि बीटा असे दोन रिसेप्टर मानले जात. त्यांतल्या बीटाला अडवणारं औषध त्यांनी आधीच्या नोकरीत घडवलं होतं. मग हिस्टामिनलाही दुसरा रिसेप्टर का नसावा? लंडनच्या उत्तरेला वेल्विन गार्डन सिटीत, स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीत, त्यांच्या रसायनतज्ज्ञांनी हिस्टामिनच्याच रेणूत फेरफार सुरू केले. चाचणी भूल दिलेल्या उंदरावर व्हायची: त्याच्या जठरातून द्राव सतत फिरवायचा, हिस्टामिन देऊन आम्ल वाढवायचं आणि नवं संयुग दिल्यावर ते उतरतं का ते पाहायचं. चार वर्षं काही हाती लागलं नाही.

मला या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं ते ग्वानिलहिस्टामिनचं प्रकरण. ते सुरुवातीलाच तयार झालं होतं, पण त्याने स्वतःच थोडं आम्ल वाढवलं, म्हणून बाजूला पडलं. पुन्हा तपासल्यावर कळलं की ते रिसेप्टरला चिकटतं, त्याला अर्धवटच जागवतं आणि हिस्टामिनची वाट मात्र अडवतं. आता शोधायला दिशा मिळाली. रेणूची शेपटी लांबवली, तिच्यावरचा विद्युतभार काढला आणि बुरिमामाइड तयार झालं. १९७२मध्ये ‘नेचर’मधल्या निबंधाने एच-२ रिसेप्टर सिद्ध केला.

बुरिमामाइड पोटात घेऊन पुरेसं लागू पडेना. त्यानंतरच्या मेटिअमाइडने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. संशय त्यातल्या गंधक असलेल्या थायोयुरिया गटावर होता. तो बदलून सिमेटिडिन घडवलं आणि १९७६मध्ये ते ब्रिटनमध्ये विक्रीला आलं. ज्या अल्सरसाठी जठराची शस्त्रक्रिया करावी लागे, तो आता गोळ्यांनी भरून येऊ लागला. १९८८च्या नोबेलमध्ये ब्लॅक यांचा वाटा होता.

हिस्टामिनचे रिसेप्टर दोनवरच थांबले नाहीत: एच-३ १९८३मध्ये पॅरिसमध्ये सापडला. तो मेंदूतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर असतो आणि तिथून सुटणाऱ्या हिस्टामिनलाच आवर घालतो.