रक्त आणि बीज

नराचें बीज आपल्याच बळावर परिपक्व होतें, कीं शरीराच्या आज्ञेची वाट पाहतें? या प्रश्नाचा उलगडा एका पतंगाच्या कोशांत झाला. तो इतिहास आम्हांस उद्बोधक वाटला, म्हणून वाचकांपुढें ठेवीत आहों.

उत्तर अमेरिकेंत सेक्रोपिया नांवाचा मोठा रानटी रेशमी पतंग आढळतो. त्याचा कोशस्थ जीव हिवाळाभर निद्रिस्त असतो व त्या अवधींत त्याच्या वृषणांतील बीजपेशींची वाढही थांबते. कीटकाचें रक्त शिरांत कोंडलेलें नसतें. तें शरीराच्या पोकळींत मोकळें खेळतें व प्रत्येक इंद्रियास भिजवितें. पहिल्या महायुद्धामुळें अमेरिकेंत अडकून पडलेले जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड गोल्डश्मिट यांनीं १९१५ सालीं या बीजपेशी बाहेर काढून रक्ताच्या लोंबत्या थेंबांत ठेविल्या. तेथें त्या जगल्या आणि शुक्राणूंच्या घडणीच्या पायऱ्या चढूं लागल्या.

पुढें १९५३ सालीं श्मिट व कॅरोल विल्यम्स यांनीं निरनिराळ्या रक्तांची तुलना केली. निद्रिस्त जीवाच्या रक्तांत पेशी जशाच्या तशा राहिल्या; वाढीस लागलेल्या जीवाच्या रक्तांत त्यांचा विकास झाला. तेव्हां रक्तांतील हा गुण म्हणजेच वाढीचें संप्रेरक, असें अनुमान निघालें.

अनुमान सरळ होतें, पण अपुरें होतें. १९५४ सालीं जर्मनींत बुटेनांट व कार्लसन यांनीं सुमारें ५०० किलोग्रॅम कोशस्थ रेशीमकिड्यांतून अवघें २५ मिलिग्रॅम संप्रेरक स्फटिकरूपानें मिळविलें. तेंच एक्डायसोन. त्याचा रेणु लहान निघाला. रक्तांतला तो गुण मात्र मोठ्या रेणूचा होता. मग आज्ञा कोणाची?

उत्तर १९७१ सालीं कांबिसेलिस व विल्यम्स यांनीं दिलें. वृषणाच्या वेष्टनांतून बाहेर काढलेल्या पेशींना रक्तांतील मोठा रेणु पुरेसा झाला, एक्डायसोन लागलें नाहीं. वेष्टन शाबूत असतां मात्र दोहोंचीही गरज पडली. एक्डायसोनमुळें वेष्टन झिरपतें होतें, आणि मगच रक्तांतील द्रव्य बीजापर्यंत पोंचतें, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकानें दार उघडावयाचें, दुसऱ्यानें आंत जाऊन कार्य करावयाचें!

१९५३ चा प्रयोग खोटा ठरला नाहीं. दोन कर्त्यांना एक मानलें, एवढीच त्यांतील चूक. ती अठरा वर्षांनीं दुरुस्त करणारांत विल्यम्स स्वतःच होते. आपल्याच नांवावरचें मत पुन्हां कसोटीस लावण्याची ही तयारी आम्हांस त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.