वन आणि वस्ती : १९९७ सालचे दोन निर्णय

पारशिवनी तालुक्यांत नवेगांव-खैरी येथें अडविलेलें पेंच नदीचें पाणी नागपूरकर पितात. ह्याच नदीवर, वरच्या अंगास, तोतलाडोहाचें धरण आहे. त्याचा जलाशय महाराष्ट्र व मध्यप्रदेश ह्या दोन्ही राज्यांत पसरला असून त्याच्या भोंवतीं राष्ट्रीय उद्यान आहे. वनास संरक्षण मिळालें ही गोष्ट संतोषाचीच. परंतु त्या वनांत ज्यांच्या चुली होत्या त्यांचें पुढें काय झालें, हेंही इतिहासानें विचारलें पाहिजे.

मध्यप्रदेशांत उद्यानासाठीं हलविलेल्या आदिवासींपैकीं ३०५ कुटुंबांस त्या सरकारनें जलाशयांत मासेमारीचे परवाने दिले. एका संस्थेनें त्यास हरकत घेतली व वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. मार्च १९९७ मध्यें न्यायालयानें परवाने कायम ठेवले. मात्र ओळखपत्रें बाळगावीं, वनांत शिरूं नये, तीरावर विस्तव पेटवूं नये, अशा अटी घातल्या. वन राखावयाचें, पण त्यापायीं पोट मारावयाचें नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय होता.

दोनच महिन्यांनीं, मे १९९७ मध्यें, मुंबईच्या उच्च न्यायालयानें बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाविषयीं आदेश दिला. हें उद्यान सुमारें १०३ चौरस किलोमीटरांचें. मुंबईस पाणी पुरविणारे विहार व तुळशी हे तलाव त्याच्याच कुशींत आहेत. तेव्हां वनाची चिंता वाहणाऱ्यांचें म्हणणें पोकळ होतें असें कोणी म्हणूं नये. परंतु १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादींत ज्यांचें नांव होतें, त्यांनाच सात हजार रुपये भरल्यावर पर्यायी जागा मिळावयाची होती. ज्यांच्यापाशीं कागद नव्हता त्यांच्या वांट्यास केवळ हातोडा आला. पात्र ठरलेल्यांस प्रथम कल्याणकडील जागा दाखविण्यांत आली. मोलमजुरी मुंबईंत आणि बिऱ्हाड इतक्या दूर, हें कसें जुळावें? निवारा हक्क सुरक्षा समितीनें चळवळ चालविली आणि पुढें चांदिवलीस घरें उभीं राहिलीं. त्या वसाहतीचें नांव ‘संघर्षनगर’. मागील वर्षांची सारी हकीकत ह्या एका नांवांत आली आहे.

ह्यावरून गरीब वस्तींतील माणूस झाडांचा वैरी आहे असें अनुमान काढणें अन्यायाचें होईल. दाट वस्तींत राहणाऱ्यास सावलीचें व मोकळ्या हवेचें मोल बंगल्यांतील माणसाहून कमी कसें असेल? धारावीच्या लगत, जेथें पूर्वीं शहराचा कचरा पडे, तेथें सुमारें ३७ एकरांवर झाडें लावून निसर्ग-उद्यान केलें व तें १९९४ मध्यें खुलें झालें. बोरिवलीस मात्र रोपापूर्वीं नोटीस आली. ज्यानें हिरवाईचें नांव प्रथम नोटिशींत वाचलें, त्यास तिचा धाक वाटला तर नवल नाहीं.

नगररचना करणाऱ्यांनीं ह्या अनुभवाचा क्रम ध्यानांत ठेवावा. वस्तीस विचारून, घराची शाश्वती आधीं देऊन, मग झाड लावावें. तें जगविण्यास पाणी घालणारे हात त्याच वस्तींत मिळतील.