पाळीने बोलणारी यंत्रे

ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोचला, तेव्हा वाटेवरील वर्धा हे शहर जेमतेम एका वर्षाचे होते. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी १८६६ साली ते वसविण्यात आले होते. पुढे १८७४ साली हिंगणघाटचा फाटा सुरू झाला. तेथील कापसाचे नाव विलायतेच्या बाजारात त्यापूर्वीच पोचलेले होते. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या सोडल्या तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून पुढील स्टेशनास तारेने विचारावयाचे, 'लाइन क्लिअर' मिळाला की मगच गाडी हलवावयाची, अशी रीत पडली.

परंतु वेळापत्रकास एवढे पुरत नाही. सर्वांची घड्याळे एका मेळाने चालावी लागतात. मुंबईचे घड्याळ मद्रासच्या सुमारे अर्धा तास मागे असे. रेल्वेने मद्रासची वेळ पत्करली व तेथील वेधशाळेची वेळ रोज तारेने दूरदूरच्या कचेऱ्यांस कळविली जाई. १९०६ च्या आरंभापासून भारतीय प्रमाणवेळ आली.

हाच पेच आज शेतात पुन्हा उभा आहे. जमिनीतील ओल किंवा पाऊस मोजून बिनतारी निरोप धाडणारी लहान यंत्रे निघाली आहेत. त्यांची 'लोरा' नावाची पद्धत सायक्लिओ या फ्रेंच मंडळीची. ती कंपनी २०१२ साली सेमटेकने विकत घेतली. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा अल्पशक्तीच्या उपकरणांस २००५ पासून परवान्याविना खुला आहे. बॅटरीच्या दोन घटांवर असे यंत्र वर्षानुवर्षे चालते आणि त्याचा निरोप कित्येक मैल जातो. मात्र हे सारे मंदगतीच्या मोबदल्यात. सर्वांत दूर पोचणाऱ्या रीतीने पन्नास अक्षरांच्या निरोपास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात त्याच रीतीने दुसरे यंत्र बोलू लागले, तर बहुधा दोन्ही निरोप बुडतात.

मग आधी कानोसा का घेऊ नये? एक तर कानोसा घेण्यात बॅटरी खर्च होते. झोपून राहणे हीच या यंत्राची काटकसर. दुसरे असे की, टेकडीच्या अलीकडील यंत्रास पलीकडील ऐकूच येत नाही. उंचावरील केंद्रास मात्र दोन्ही ऐकू येतात.

१९७१ साली हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसन यांनी एक बेफिकीर तोड काढली: वाटेल तेव्हा बोलावे, उत्तर न आल्यास थोडे थांबून पुन्हा बोलावे. गणिताने असे दिसते की, या रीतीत फार तर शेकडा १८ भाग वेळ कामी लागतो. दुसऱ्याच वर्षी लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी वेळेचे सारखे तुकडे पाडून तुकड्याच्या आरंभीच बोलण्याचा नियम सुचविला. त्यामुळे हे प्रमाण दुप्पट झाले. पण तुकडे पाडावयाचे म्हणजे घड्याळ आलेच!

येथे वर्ध्याचा उन्हाळा आडवा येतो. घड्याळातील क्वार्ट्झचा स्फटिक सुमारे २५ अंशांस जुळविलेला असतो. दिवसभर ४५ अंश उष्णतेत राहिला तर तो एका सेकंदाहून किंचित अधिक मागे पडतो. उन्हात तापलेल्या डबीत ६० अंश झाले तर साडेतीन सेकंद. आठवडाभरात यंत्र दुसऱ्याच्या पाळीत बोलू लागावयाचे. म्हणून केंद्राने मधूनमधून वेळ सांगावी लागते. लोराच्या एका प्रकारात दर १२८ सेकंदांनी हा संकेत येतो. तो ऐकावयास जागणे हाही खर्चच.

माझ्या मते नुसती ओल मोजावयाची असेल, तर अब्रामसनची बेफिकिरी पुरेशी आहे. एखादे मोजमाप हुकले म्हणून कपाशी सुकत नाही. पावसाची गोष्ट निराळी. जोराची सर आली की बोलावयाचे, असे सर्व पर्जन्यमापकांस सांगून ठेवले, तर एरवी मुकी असणारी यंत्रे एकाच घटकेस बोलू लागतात, आणि हिंगणघाटाजवळ वणेचे पाणी चढत असताना केंद्राच्या कानी नुसता कोलाहल येतो. त्यांच्या पाळ्या कोरड्या दिवसांतच ठरवून ठेवावयास हव्यात.