नाताळचा बेत आणि शेजाऱ्याचें ताट

‘नाताळ’ हा शब्द मराठींत इतका मुरला आहे कीं, तो मूळचा परभाषेंतील आहे याची आठवणहि सहसा कोणास होत नाहीं. इंग्रजांचा ‘ख्रिसमस’ शतकाहून अधिक काळ सरकारी सुट्ट्यांच्या यादींतून आपल्यापुढें मिरवत होता. तथापि मराठी माणसाच्या तोंडीं बसला तो पोर्तुगीजांचा ‘नाताल’च. सण ज्या दारानें घरांत आला त्या दाराची खूण त्याच्या नांवावर राहिली. परंतु नांव एका दारानें आलें म्हणून सणाचा स्वयंपाकहि सगळा त्याच दारानें आला, असें समजणें कितपत बरोबर होईल? इतिहासकार तह, लढाया व फर्मानें तपासतात. चुलीवर काय शिजलें याची चौकशी करण्यास त्यांस सवड होत नाहीं. आमच्या मतें एखाद्या ख्रिस्ती कुटुंबानें नाताळच्या जेवणाचा बेत कसा ठरविला, हाहि इतिहासाचा एक कागदच आहे. आणि तो वाचण्यास सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याइतकी सोयीची जागा क्वचितच सांपडेल.

हा जिल्हा १९८१ सालीं रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि ओरोस गांवाजवळ सिंधुदुर्गनगरी हें त्याचें मुख्य ठाणें वसलें. पुढें २००५ सालीं येथील कॅथलिक ख्रिस्त्यांचा धर्मप्रांतहि पुणें धर्मप्रांतांतून निराळा काढण्यांत आला व त्यास सिंधुदुर्ग हेंच नांव मिळालें. नांवें नवीं असलीं तरी वस्ती जुनी आहे. सावंतवाडी, वेंगुर्लें, मालवण, कुडाळ या बाजूच्या ख्रिस्ती घराण्यांपैकीं पुष्कळांचें मूळ गोव्यांत आहे. तेरेखोलच्या खाडीपलीकडील पेडणें महाल तर १७८८ च्या सुमारास पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्याच अंमलाखालीं होता. तेव्हां सरहद्द होती, पण ती नकाशावर जितकी ठळक दिसते तितकी ती माणसांच्या येण्याजाण्यांत कधींच नव्हती. येथील ख्रिस्ती कुटुंबाचा राजा हिंदु, शेजारी हिंदु, आणि धर्म मात्र गोव्याच्या पाद्र्यांनीं दिलेला, अशी स्थिति पिढ्यान् पिढ्या होती.

या कुटुंबाच्या नाताळच्या पानाविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, हें सर्व खाणें फिरंग्यांचें. बाटलेल्या लोकांनीं धन्याच्या ताटाची नक्कल केली, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा पक्ष म्हणतो, वरचा मुलामा काढून टाका, खालीं सगळें आपलेंच आहे. दोन्ही मतें सोयीचीं आहेत. परंतु पान प्रत्यक्ष वाढून घेतलें कीं दोन्ही टिकत नाहींत.

पानांतील मुख्य मान सारपातेलाचा. हा पदार्थ पोर्तुगालच्या आलेंतेज प्रांतांतील म्हणून प्रसिद्ध आहे आणि ब्राझीलच्या ईशान्य भागांतहि तो याच नांवानें शिजतो. युरोपांत डुकराचा वध हिवाळ्यांत करण्याची चाल. त्यामुळें काळीज, रक्त इत्यादि लवकर नासणाऱ्या भागांचे पदार्थ नाताळच्या सुमारास येत. कोंकणांत ती थंडी कोठून आणावयाची? येथें थंडीचें काम माडानें केलें. माडी आंबवून केलेला शिरका सढळ हातानें घातला म्हणजे शिजलेलें मांस दिवसेंदिवस राहतें, इतकेंच नव्हे तर तिसऱ्या दिवशीं त्याची चव पहिल्या दिवसाहून चढते. म्हणूनच सारपातेल सणाच्या तीन-चार दिवस आधीं करून रोज ऊन करीत ठेवण्याची रीत पडली.

विंदालूची कथा अशीच आहे. मूळ पोर्तुगीज नांवांत द्राक्षांची दारू आणि लसूण हे दोनच पदार्थ आहेत. मदैरा बेटावर आजहि नाताळांत या नांवाचें मांस करतात. या किनाऱ्यावर दारूच्या जागीं माडाचा शिरका आला आणि वर लाल मिरची पडली. पुढें इंग्रजांच्या देशांतील उपाहारगृहांत त्या शब्दाच्या शेवटीं ‘आलू’ ऐकूं आला व कित्येकांनीं त्यांत बटाटे घातले, हा भाषाशास्त्रानें स्वयंपाकावर केलेला विनोदच म्हणावयाचा! शेजारींच वाढलेली शाकुती पाहावी, तर भाजलेलें खोबरें व मसाला वाटून केलेली ती आमटी मालवणच्या सागोतीची सख्खी बहीण दिसते. दोदोलाचा प्रवास तर याहून लांबचा. तांदुळाचें पीठ, नारळाचा रस व काळा गूळ घोटून केलेला हा पदार्थ मलाया-जावाकडे याच नांवानें ओळखला जातो, आणि तेथें तो ईदेचा मानकरी आहे. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें व १५११ सालीं मलाक्का घेतलें, तेव्हांपासून या दोन बंदरांमध्यें गलबतांची जी ये-जा सुरू झाली तिची ही गोड आठवण होय.

आतां हें सर्व परकें म्हणून ज्यांस नाक मुरडावयाचें असेल त्यांनीं आपल्या एकादशीच्या पानाकडे पाहावें. बटाटा, मिरची व भुईमूग हे तिन्ही अमेरिकेंतून निघून समुद्रमार्गें आपल्याकडे आले. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंदहि मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, पाव, काजू, अननस, पपई, कोबी हे शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. काजूचें मूळ ब्राझीलांत; आज वेंगुर्ल्याच्या नांवानें त्याच्या कलमांच्या जाती प्रसिद्ध आहेत. ज्या मुलखाचें शेत, बाग आणि उपवास यांत फिरंगी गलबतांतील माल इतका भरला आहे, त्या मुलखानें एका समाजाच्या सारपातेलास तेवढें परकें म्हणावें हें न्यायाचें नाहीं.

परंतु दुसऱ्या पक्षाचेंहि समाधान इतक्या सहजासहजीं होऊं नये. जुनें तें सर्व आपोआप टिकलें असें नाहीं. तें टिकूं नये म्हणून फार मोठा प्रयत्न झाला होता. गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें आणि मधला थोडा काळ वगळतां तें १८१२ पर्यंत चाललें. कै. अ. का. प्रियोळकर यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या न्यायासनाच्या १७३६ च्या जाहीरनाम्याची हकीकत दिली आहे. घरीं तुळस ठेवूं नये, पुरुषांनीं धोतर व स्त्रियांनीं चोळी वापरूं नये, या मनाईंबरोबरच एक मनाई अशी होती कीं, हिंदूंप्रमाणें भात अळणी शिजवूं नये. साम्राज्याच्या धर्मसत्तेनें भाताच्या मिठाची दखल घ्यावी, यावरून स्वयंपाकघराचें सामर्थ्य न्यायाधीशांस इतिहासकारांपेक्षां अधिक कळलें होतें असें दिसतें. ज्या घरांत चिमूटभर मीठ साक्षीदार होऊं शकतें, त्या घरांतील गृहिणीनें कोणत्या मनःस्थितींत सणाचा बेत केला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

अशा स्थितींतहि करंजी वांचली. गणपतीस व दिवाळीस हिंदु घरीं जी होते तीच खोबऱ्याची करंजी ‘नेवरी’ या नांवानें नाताळच्या तबकांत बसली. ती कोणत्या बळावर वांचली? आम्हांस वाटतें, याचें उत्तर एका शब्दाच्या प्रवासांत आहे.

पोर्तुगालांत ‘कोंसोआदा’ म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचें घरचें जेवण. वाळविलेला बकाल्याव मासा, बटाटे व कोबी यांचें. सगळें कुटुंब एका मेजाभोंवतीं बसावयाचें, असा त्याचा अर्थ. हाच शब्द गोव्यांत आल्यावर त्याचें जेवण नाहींसें झालें आणि शेजारीं व सोयऱ्यांकडे पाठवावयाच्या गोड पदार्थांचें तबक असा त्याचा अर्थ झाला. मंगळुराकडील ख्रिस्ती लोक त्यालाच ‘कुस्वार’ म्हणतात. पोर्तुगीज शब्द दार लावून आंत बसला होता. कोंकणानें त्यास दाराबाहेर काढून शेजाऱ्याच्या ओटीवर नेलें. हा बदल कोणत्याहि फर्मानानें झाला नाहीं. ज्या मुलखांत दिवाळीचा फराळ शेजाऱ्याकडे जातो आणि आलेलें भांडें रिकामें परत करूं नये असा दंडक आहे, तेथें दुसरें काय होणार?

एकदां तबक बाहेर जावयाचें ठरलें कीं सबंध बेताची मांडणी बदलते. घरांत काय खावयाचें हा प्रश्न एक. काय पाठवावयाचें हा निराळा. शेजारी डुक्कर खाणारा नाहीं, गाय खाणारा नाहीं; कोणी अंडेंहि न खाणारा. तेव्हां अंड्यांच्या पिवळ्या बलकाचा थरांवर थर देऊन, वर-खालीं निखारे ठेवून भाजलेलें बेबिंक कितीहि मौल्यवान असलें तरी तें प्रत्येक घरीं पाठवितां येत नाहीं. नेवरी चालते, दोदोल चालतो, पेरूची वडी म्हणजे ‘पेराद’ चालते, फणीवर दाबून वळलेले कुलकुल बिनअंड्याचे केले तर चालतात. तळणींत चरबी घालून भागत नाहीं. मांसाच्या भांड्याचा स्पर्श नको, म्हणून गोडधोड आधीं उरकावें हें उत्तम; आणि तें टिकाऊ असल्यामुळें तसेंच करणें सोयीचेंहि पडतें. येणेंप्रमाणें पहिल्या आठवड्यांत पेराद व दोदोल घोटणें, नंतर एका रात्रीं घरचीं सर्व लहानथोर माणसें बसवून कुलकुल व नेवऱ्या, मग तबकें, आणि शेवटीं मांस, असा क्रम लागतो. या क्रमांत न बोलावलेला, पंक्तीस न बसलेला असा एक माणूस सर्वत्र हजर असतो. तो म्हणजे शेजारी. नाताळच्या बेताचा अर्धा कर्ता तोच होय, असें आमचें मत आहे.

यास प्रत्यंतर पुरावा पाहिजे असल्यास उत्तरेकडे वसईस जावें. तेथील पोर्तुगीज सत्ता १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं संपविली. धनी गेला, तरी वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांच्या घरीं विंदालूचें ‘इंद्याल’ शिजत राहिलें आणि तळलेले फुगे नाताळांत कढईंत फुलत राहिले. नक्कल असती तर मूळ गेल्यावर ती टिकती ना. सावंतवाडीकरांकडे राहिलेल्या मुलखांत तर फिरंग्यांचा कायमचा अंमल बसला नव्हता. तेथें कोणी भातांतील मीठ तपासावयास येत नव्हतें. सारपातेल करावें अशी सक्ति नव्हती, नेवरी करूं नये अशी मनाई नव्हती. तेथील ख्रिस्ती घरीं दोन्ही पदार्थ एकाच सणास झाले, ते त्या घरच्या माणसांस दोन्ही आपले वाटले म्हणूनच.

या बेतावर विसाव्या शतकानें दोन घाव घातले. जुन्या कॅथलिक शिस्तीप्रमाणें २४ डिसेंबर हा उपवासाचा व मांसवर्ज्य दिवस असे. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरच सणाचें तोंड उघडे. पोप सहावे पॉल यांनीं १९६६ सालीं उपवासाचे नियम सैल केले आणि आदल्या दिवसाचें मासळीचें साधें जेवण व दुसऱ्या दिवसाचें भरलेलें पान यांतील अंतर बुजत चाललें. दुसरा घाव मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा. माडी ही कायद्यास दारू होती. पण सान्नांच्या पिठास ती खमीर होती आणि सारपातेलास शिरका होती. माडावर चढून ती काढणारा बहुधा भंडारी, म्हणजे हिंदूच. त्याचा धंदा आकसला तेव्हां ख्रिस्ती घरची सान्नां बाजारी यीस्टवर फुगूं लागलीं. एका समाजाचा सण दुसऱ्या समाजाच्या हातांवर किती अवलंबून असतो, हें अशा वेळीं कळतें.

आतां तिसरा घाव पडत आहे, आणि तो कोणत्याहि कायद्याचा नाहीं. माणसें मुंबईस व परदेशीं गेलीं. घोटणारे हात कमी झाले. दोदोल आणि बेबिंक दुकानांतून डब्यांत येऊं लागलें. इंग्रजी केकनें तबकाची मधली जागा घेतली. यांत शोक करण्यासारखें फारसें नाहीं, कारण हा बेत पहिल्यापासून बाहेरचें आंत घेतच वाढला आहे. मिरचीस ज्यानें जागा दिली तो केकसहि देईल. जपावयाची गोष्ट एकच आहे. डबा विकत आणलेला असो वा घरचा, तो उघडण्यापूर्वीं त्यांतील कोणते जिन्नस शेजाऱ्यास चालतील हा विचार घरांत होतो कीं नाहीं, आणि शेजारीहि तो डबा निःशंक मनानें घेतो कीं नाहीं. हा विश्वास दोन्ही बाजूंनीं राखावा लागतो. एका घरानें जपून करावें, दुसऱ्यानें न विचारतां खावें, असा तो अलिखित करार आहे. अडीचशें वर्षें चाललेल्या न्यायासनास जी नेवरी मोडतां आली नाहीं, ती असल्या कराराच्या आधारानें टिकली; करार सुटला तर मात्र तिला मोडण्यास कोणत्याहि न्यायासनाची गरज पडणार नाहीं.